आठ विद्यापीठांची व्हॉलीबॉल लीग

मनिला महानगरातील आठ विद्यापीठांची मिळून एक क्रीडासंघटना आहे. तिचे पूर्ण नाव ‘युनिव्हर्सिटी ॲथलेटिक असोसिएशन ऑफ द फिलिपिन्स’, पण सगळे तिला यूएएपी म्हणूनच ओळखतात. या संघटनेच्या व्हॉलीबॉल लीगमध्ये प्रत्येक विद्यापीठाचा एक पुरुष संघ आणि एक महिला संघ उतरतो. दोन्ही गटांचे सामने एकाच मोसमात, बहुतेक वेळा एकाच दिवशी आणि एकाच मैदानावर होतात. गुणतक्ता वेगळा असला, तरी सामन्यांची संख्या आणि अंतिम फेरीपर्यंतची वाट सारखीच असते. मोसम साधारण फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. फिलिपिन्स हा बास्केटबॉलने झपाटलेला देश आहे. गल्लीबोळांतही बास्केट टांगलेली दिसते. अशा देशात या लीगमधील महिलांच्या सामन्यांची तिकिटे मिळवण्यासाठी झुंबड उडते. जगात फार थोड्या ठिकाणी महाविद्यालयीन मुलींच्या खेळाला असे स्थान मिळाले आहे.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, होल्योक गावच्या वायएमसीएमध्ये झाला. तिथले शारीरिक शिक्षणाचे संचालक विल्यम मॉर्गन यांनी तो बसवला होता. त्या वेळी फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता होती. १८९८ नंतर ती अमेरिकेकडे गेली आणि अमेरिकी शाळा, अमेरिकी खेळ व वायएमसीए या बेटांवर आले. मनिलाच्या वायएमसीएतील एलवुड ब्राउन यांनी १९१० मध्ये तिथे व्हॉलीबॉल सुरू केला. तीनच वर्षांनी, १९१३ मध्ये, मनिलात पहिल्या ‘फार ईस्टर्न’ क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्यांत व्हॉलीबॉलचा समावेश झाला.

यानंतर फिलिपिनो खेळाडूंनी या खेळाचे रूपच बदलून टाकले. मूळ अमेरिकी खेळ सावकाश होता; चेंडू जाळ्यावरून ढकलत राहायचा, एवढाच त्याचा हेतू. फिलिपिनो खेळाडूंनी १९१६ च्या सुमारास चेंडू जाळ्याजवळ उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो जोरात खाली आपटायचा, अशी पद्धत रूढ केली. आपल्याकडे ज्याला लिफ्ट आणि स्मॅश म्हणतात, तीच ही जोडी. महाराष्ट्राच्या गावोगाव ‘शूटिंग’ आणि ‘स्मॅशिंग’ असे व्हॉलीबॉलचे दोन प्रकार मानले जातात. त्यांतल्या स्मॅशिंगचे मूळ शोधत गेले, तर ते या बेटांपर्यंत पोहोचते. आधुनिक व्हॉलीबॉलच्या आक्रमणाचा पायाच फिलिपिन्समध्ये घातला गेला. जागतिक क्रमवारीत हा देश वरच्या पायरीवर कधी नव्हता, म्हणून हे योगदान बाहेर फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

यूएएपीची स्थापना १९३८ सालची. त्याआधी १९२४ पासून तिथे दुसरी एक आंतरमहाविद्यालयीन संघटना होती. तिच्यातून बाहेर पडलेली युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स, सान्तो तोमास आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ही तीन विद्यापीठे फार ईस्टर्न विद्यापीठासोबत एकत्र आली आणि नवी संघटना उभी राहिली. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्ट व ॲडमसन आले. अटेनेओ दे मनिला १९७८ मध्ये आणि दे ला साल १९८६ मध्ये दाखल झाले. तेव्हापासून सदस्यसंख्या आठ आहे.

या आठांचा स्वभाव एकमेकांशी मुळीच जुळत नाही, आणि लीगची रंगत त्यातूनच येते. सान्तो तोमासची स्थापना १६११ साली डोमिनिकन पाद्र्यांनी केली; आशियातील सर्वांत जुन्या विद्यापीठांमध्ये त्याची गणना होते. अटेनेओ जेझुइटांचे, दे ला साल ‘ला साल ब्रदर्स’चे, दोन्हींकडे संपन्न घरांतली मुले जातात आणि दोन्हींचे वैर देशभर ठाऊक आहे. निळा रंग अटेनेओचा, हिरवा दे ला सालचा. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स हे सरकारी विद्यापीठ, अभ्यासात अव्वल मानलेले. फार ईस्टर्नच्या संघाचे नाव ‘तामाराव’ आहे. तामाराव म्हणजे फक्त मिंदोरो बेटावर आढळणारी रानटी, बुटकी म्हैस. महिला गटातील सर्वाधिक, म्हणजे २९, विजेतेपदे याच विद्यापीठाच्या नावावर आहेत. मात्र त्यांतले शेवटचे २००८ चे, म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीतले नव्हे.

स्पर्धेची रचना समजून घेण्यासारखी आहे. भारतातील आंतरविद्यापीठ व्हॉलीबॉल स्पर्धा आधी विभागवार आणि मग अखिल भारतीय पातळीवर होते. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे संघ पश्चिम विभागात खेळतात. एकेक टप्पा काही दिवसांत आटोपतो आणि हरलेला संघ घरी परततो. लीगमध्ये असे होत नाही. प्रत्येक संघ उरलेल्या सात संघांशी दोनदा खेळतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने येतात आणि एका गटाचे ५६ सामने होतात. पहिल्या फेरीत हरलेल्या प्रशिक्षकाला त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नवा बेत आखायला काही आठवडे मिळतात. नवख्या खेळाडूला एका वाईट दिवसाची शिक्षा वर्षभर भोगावी लागत नाही. विद्यार्थी-खेळाडू घडवायचा असेल तर हीच पद्धत अधिक न्याय्य आहे. भारतीय विद्यापीठांनीही निदान विभागीय पातळीवर ती आजमावून पाहायला हवी.

चौदा सामन्यांनंतर पहिले चार संघ उपांत्य फेरीत जातात. इथे एक खास नियम आहे. पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना ‘दोनदा हरवा’ ही सवलत मिळते: पहिल्याची गाठ चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी पडते, पण वरच्या संघाला एकच विजय पुरतो, तर खालच्या संघाला लागोपाठ दोन सामने जिंकावे लागतात. साखळीत केलेल्या कष्टाचे मोल राहावे, हा त्यामागचा विचार. अंतिम फेरी तीन सामन्यांची असते. दोन जिंकणारा विजेता. एखादा संघ साखळीत एकही सामना हरला नाही, तर तो थेट अंतिम फेरीत पोहोचतो आणि उरलेल्या तिघांना पायरी-पायरीने वर यावे लागते: चौथा तिसऱ्याशी खेळतो, त्यांतला विजेता दुसऱ्याशी.

२०१४ सालच्या महिला गटात या नियमांनी जे घडवले, ते या लीगच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले पान आहे. दे ला सालने साखळीतील चौदाही सामने जिंकले होते. आधीची सलग तीन विजेतेपदेही त्यांचीच होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अपराजित संघाला अंतिम फेरीत आणखी मोठी सवलत मिळे. त्यांना दोन विजय पुरेसे होते, समोरच्या संघाला मात्र तीन हवे होते. अटेनेओ तिसऱ्या क्रमांकावर होते. त्यांनी आधी ॲडमसनला घरी पाठवले, मग नॅशनल युनिव्हर्सिटीला दोनदा हरवले आणि शेवटी दे ला सालवर तीन विजय मिळवून महिला व्हॉलीबॉलमधले आपले पहिले विजेतेपद पटकावले. संघाचे प्रशिक्षक ताई बुंडित थायलंडचे. थायलंडच्या मुली उंचीने फार नसतात, पण वेगवान पास आणि अचूक बचावाच्या बळावर मोठमोठ्या संघांना जेरीस आणतात. तोच खेळ बुंडित यांनी मनिलात रुजवला. पुढच्याच मोसमात अटेनेओने सोळाच्या सोळा सामने जिंकले.

या संघाची नायिका अलिसा वाल्डेझ. सलग तीन मोसम ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्यामुळे महिला व्हॉलीबॉलचे प्रेक्षक आपापल्या विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर पसरले. ज्यांचे कुणीच अटेनेओत शिकत नव्हते, अशी कुटुंबेही तिच्या सामन्यांना येऊ लागली. तिला चेंडू उचलून देणारी लिफ्टर जिया मोरादो हिचे नाव मात्र प्रेक्षकांच्या तोंडी तितके नव्हते. लिफ्टरच्या नशिबी बहुधा असेच असते. त्या यशात तिचा वाटा अर्धा होता, हे जाणकारांना माहीत आहे.

लोकप्रियतेची जमीन त्याआधी दहा वर्षे तयार होत होती. २००४ मध्ये ‘शेकीज व्ही-लीग’ ही खासगी स्पर्धा सुरू झाली. विद्यापीठांचे महिला संघ तिथे मोसमाच्या बाहेरही खेळत आणि ते सामने दूरचित्रवाणीवर दिसत. मुलींचे चेहरे आणि नावे लोकांच्या ओळखीची झाली. यूएएपीचे सामने पासायमधील ‘मॉल ऑफ एशिया अरेना’ आणि केझॉन सिटीतील ‘आरानेता कॉलिझियम’ अशा मोठ्या सभागृहांत भरू लागले. आरानेता म्हणजे १९७५ साली मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची प्रसिद्ध लढत जिथे झाली, तेच सभागृह.

महिलांचाच खेळ का? एक कारण खेळाच्या अंगातच आहे. पुरुषांचे जाळे २.४३ मीटर आणि महिलांचे २.२४ मीटर उंचीवर असते. पुरुषांची सर्व्हिस आणि स्मॅश इतके वेगवान असतात, की बरेच गुण दोन-तीन फटक्यांत संपतात. महिलांच्या सामन्यात चेंडू अधिक वेळ हवेत राहतो, जमिनीलगतचा बचाव अधिक दिसतो आणि नवख्या प्रेक्षकालाही काय चालले आहे ते कळते. दुसरे कारण सामाजिक आहे. पुरुषांच्या खेळातील पैसा, प्रायोजक आणि उंच मुले बास्केटबॉलने आधीच गिळली होती. व्हॉलीबॉलकडे मुलींमधल्या सर्वोत्तम खेळाडू आल्या. म्हणजे दोन्ही गटांतली तफावत गुणवत्तेपेक्षा संधीच्या वाटपातून अधिक आली.

सामन्याच्या दिवशी ही तफावत वेळापत्रकातच दिसते. अलीकडच्या मोसमांत पुरुषांचे सामने सहसा सकाळी ठेवलेले असतात, महिलांचे दुपारी. सकाळी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर मुले खेळतात आणि दुपारनंतर ढोल, घोषणा आणि विद्यापीठांच्या रंगांनी सभागृह गजबजते. सामना संपल्यावर दोन्ही संघ आपापल्या पाठीराख्यांसमोर उभे राहतात, मूठ उंचावतात आणि विद्यापीठगीत गातात. हरलेला संघही गातो. ही प्रथा दोन्ही गटांत सारखीच पाळली जाते, आणि लीगच्या उत्तम गोष्टींमध्ये तिची गणना करायला हवी.

प्रेक्षक कमी असले तरी पुरुष गटाची गुणवत्ता कमी नाही. अटेनेओचा मार्क एस्पेहो सलग पाच मोसम सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका खेळाडूला जास्तीत जास्त पाचच मोसम खेळता येतात, म्हणजे त्याने एकही मोसम सोडला नाही. २०१८ च्या उपांत्य सामन्यात त्याने एकट्याने ५५ गुण मिळवले होते. अटेनेओने २०१५ ते २०१७ अशी सलग तीन विजेतेपदे जिंकली, ती त्याच्याच काळात. सान्तो तोमासचा जॉश इबान्येझ अवघा ५ फूट ८ इंच उंचीचा. तरीही २०२३ आणि २०२४ मध्ये तोच सर्वोत्तम ठरला, आणि त्यांतला पहिला मोसम तर त्याचा पदार्पणाचा होता. झेप, मनगटाची फिरकी आणि ब्लॉक करणाऱ्यांच्या हातांवरून चेंडू बाहेर घालवण्याची अक्कल यांच्या जोरावर तो उंचीची कमतरता भरून काढतो. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या बुटक्या मुलांनी त्याचे सामने जरूर पाहावेत.

करोनाकाळाने दोन्ही गटांतले अंतर उघडे पाडले. २०२० चा मोसम मार्चमध्ये थांबला आणि रद्द झाला; २०२१ मध्ये लीग झालीच नाही. २०२२ मध्ये संघटनेने मोजक्याच खेळांपासून पुन्हा सुरुवात केली. त्यांत महिला व्हॉलीबॉल होते, पुरुषांचे नव्हते. पुरुष संघांना २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. पाच वर्षांच्या खेळाडू-आयुष्यातली तीन वर्षे अशी गेली, तर काहींच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. साथीच्या काळात सगळे खेळ एकदम सुरू करणे अवघड होते, हे मान्य. पण एकाच खेळाचे दोन गट वेगळे काढणे अन्यायाचेच होते.

गेल्या काही वर्षांत दोन्ही गटांवर नॅशनल युनिव्हर्सिटीची छाप आहे. तिच्या महिलांनी २०२२ मध्ये एकही सामना न गमावता विजेतेपद घेतले. याआधीचे त्यांचे विजेतेपद ६५ वर्षांपूर्वीचे, १९५७ चे होते. त्या मोसमात बेला बेलेन ही पहिल्याच वर्षी खेळणारी मुलगी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, असे दोन्ही मान घेऊन गेली. महिला गटात असे पूर्वी कधी झाले नव्हते. पुढच्याच वर्षी दे ला सालच्या एंजल कनिनोनेही तेच केले आणि विजेतेपदही दे ला सालकडे आले. २०२४ व २०२५ मध्ये नॅशनल पुन्हा जिंकले. त्यांच्या पुरुषांनी तर २०१८, २०१९, २०२३, २०२४ आणि २०२५ असे खेळवले गेलेले सलग पाच मोसम जिंकले.

या यशामागे पैसा आहे, आणि तो लपलेला नाही. २००८ मध्ये देशातील बडा उद्योगसमूह ‘एसएम’ने या विद्यापीठाचा ताबा घेतला. मॉल ऑफ एशिया अरेना त्याच समूहाचा. त्यानंतर वसतिगृहे, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या यांवर मोठा खर्च झाला. पण नुसत्या खर्चाने संघ घडत नाही. नॅशनलने विद्यापीठाशी जोडलेल्या शाळेपासूनच मुली घडवल्या. बेलेन आणि तिच्या बऱ्याच सहकारी शाळेपासून एकत्र खेळत आल्या होत्या. यूएएपीची शालेय गटाचीही व्हॉलीबॉल स्पर्धा असते, त्यामुळे विद्यापीठात येईपर्यंत त्यांचा एकमेकींच्या खेळाचा अंदाज पक्का झालेला होता.

चांगल्या शालेय खेळाडूंसाठी विद्यापीठांमध्ये ओढाताण असते. दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या खेळाडूला काही काळ बसवून ठेवणारे नियम पूर्वी कडक होते. शाळेतून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनाही त्यांचा फटका बसू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात आणि पुढे संसदेत गेले. २०१५ मध्ये विद्यार्थी-खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. शाळेतून विद्यापीठात जाताना आता अशी सक्तीची विश्रांती लादता येत नाही, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना ती जास्तीत जास्त एक वर्षाची असू शकते. शिक्षण आणि राहणे-जेवण यांसारख्या सोयी विद्यापीठ देऊ शकते. खेळाडूला विकत घेतल्यासारखी खैरात करण्यास कायद्याने मनाई आहे. एखाद्या देशाच्या संसदेला महाविद्यालयीन खेळाडूंच्या बदल्यांवर कायदा करावासा वाटावा, यावरूनच या लीगचे तिथले वजन कळते.

शिक्षण संपल्यावरची वाटही आता रुंद झाली आहे. जुन्या व्ही-लीगचे २०१७ मध्ये ‘प्रीमियर व्हॉलीबॉल लीग’ झाले आणि २०२१ पासून ती महिलांची व्यावसायिक लीग म्हणून खेळवली जाते. तिथे आता नव्या खेळाडूंची निवड ड्राफ्ट पद्धतीने होते. २०२५ मध्ये पहिली निवड बेला बेलेनची झाली. व्ही-लीगचे नाव २०२२ पासून विद्यापीठांच्या पुरुष व महिला संघांसाठी पुन्हा वापरात आले, आणि यूएएपीचा मोसम सुरू होण्याआधी संघ तिथे सराव साधून घेतात. पुरुषांसाठी २०१५ पासून ‘स्पायकर्स टर्फ’ आहे, पण तिथला पैसा महिलांच्या लीगच्या तुलनेत थोडा. म्हणून चांगले पुरुष खेळाडू जपानची वाट धरतात. एस्पेहो २०१८ मध्ये तिकडच्या ओइता मियोशी संघात गेला आणि पाठोपाठ नॅशनल युनिव्हर्सिटीचा ब्रायन बागुनासही.

राष्ट्रीय संघाला या लीगचे फळ उशिरा मिळाले. मे २०२४ मध्ये मनिलात झालेल्या आशियाई चॅलेंज चषकात भारताचाही संघ होता. त्या स्पर्धेत फिलिपिन्सच्या महिलांनी कांस्यपदक मिळवले. कर्णधार होती अटेनेओची पूर्वीची लिफ्टर जिया मोरादो, लग्नानंतर आता जिया दे गुझमन. तिच्याबरोबर कनिनोसारख्या अजून विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीही होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फिलिपिन्सने भरवली. तिचे सामने झाले ते मॉल ऑफ एशिया अरेना आणि आरानेता कॉलिझियममध्येच. यजमान संघाची भिस्त बागुनास आणि एस्पेहो यांच्यावर होती. या संघाने इजिप्तला ३-१ असे हरवले आणि इराणला पाच सेटपर्यंत झुंजवले. इजिप्तवरचा विजय हा १९७४ नंतर प्रथमच या स्पर्धेत उतरलेल्या फिलिपिन्सचा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पहिलाच विजय होता.